कुंदाचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर

फोन सकाळी सात वाजता आला, माझी मैत्रीण कुंदा हिच्या शेजारी राहणाऱ्या रूथचा. रूथचा आणि माझा फोनवर बोलण्याचा संबंध फारसा येत नाही, त्यामुळे तिचा आवाज ऐकताच मी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसले. "वसुधा, शी इज गॉन," ती म्हणाली. "इन हर स्लीप, हनी." मी "थँक यू" म्हटलं. माणूस गेल्याची बातमी देणाऱ्याला थँक यू म्हणायची ही इथली रीत मला इतक्या वर्षांनीही विचित्र वाटते, पण तोंडून तेच निघालं. फोन ठेवल्यावर मनात जे सगळ्यात आधी आलं, ते लिहायला थोडा संकोच वाटतो. मला हायसं वाटलं. दुःख नंतर आलं आणि ते अजून मुक्काम ठोकून आहे... पण आधी आलं ते हायसं वाटणंच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, झोपेत, स्वतःच्या घरात. ती आणि मी चाळिशीच्या आसपास होतो तेव्हा कुणी मला हे लिहून दिलं असतं, तर मी त्याच्या पाया पडले असते.

शोकसभेत इथल्या मराठी मंडळातले सगळे तिच्याबद्दल बोलले. तिने मुलांना शिकवलेलं मराठी, तिचा काटेकोरपणा, तिच्या हातची गोळाभाजी. माझी पाळी आली तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. मी गप्प बसणारी बाई नव्हे, त्यामुळे लोकांना वाटलं, वसुधाला फार लागलंय. लागलं होतंच. पण मला जे सांगायचं होतं ते त्या हॉलमध्ये, समोशांच्या ट्रेसमोर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. कुंदाने एकदा रिव्हॉल्व्हर विकत घेतलं होतं, ते निवडायला मी बरोबर गेले होते, आणि पुढे माझ्याच मूर्खपणामुळे ते माझ्या मुलीसमोर आलं होतं. सहा आठवडे झाले. आता लिहून टाकते.

ऐंशीच्या दशकात आम्ही ॲरिझोनात, चँडलरला आलो तेव्हा गावाभोवती कापसाची शेतं होती आणि त्यांच्या मधोमध चिप बनवणारा कारखाना. माझा नवरा सुधीर तिथे इंजिनीअर होता. कुंदा तपासणी विभागात. मूळची अमरावतीची, फिजिक्समध्ये एमएस्सी. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून सिलिकॉनच्या चकत्यांमधले दोष शोधायचे, हे तिचं काम, आणि हळूहळू तोच तिचा स्वभाव झाला होता. माझ्या घरी आली की कपाच्या कानाला गेलेला तडा तिला माझ्याआधी दिसायचा. तिचा नवरा दिलीप मंडळाचा लाडका होता. पेटी वाजवायचा, नकला करायचा, गणपतीत तर त्याच्याशिवाय पान हलत नसे. घरी तो तिला मारत होता. आम्हाला माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. खरं सांगायचं तर पूर्ण बाह्यांचे ब्लाउज ती ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात का घालते, हा प्रश्न मला पडला होता, आणि मी तो विचारला नव्हता.

ती वेगळी झाली, घटस्फोट घेतला आणि तीन खोल्यांचं एक बसकं घर तिने हप्त्यांवर घेतलं. त्यानंतर दिलीप दोनदा तिथे आला. पहिल्यांदा रस्त्यापलीकडे गाडीत नुसता बसून राहिला, तीन तास. दुसऱ्यांदा त्याने स्वयंपाकघराची काच फोडली आणि "बघून घेईन" म्हणून गेला. कोर्टाचा मनाईहुकूम निघाला. पण त्या दिवशी पोलीस पोचायला चाळीस मिनिटं लागली होती. आलेला पोलीस तरुण होता, सभ्य होता. त्याने तिला सांगितलं, "मॅम, आम्ही येतो. पण आम्ही नेहमी नंतर येतो." हे वाक्य कुंदाने मला जसंच्या तसं सांगितलं होतं. मंडळातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की तिने अमरावतीला निघून जावं. एकटी बाई या देशात राहायची कशी? कुंदा सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. माझ्याकडे आल्यावर म्हणायची, "घर माझं आहे, वसुधा. मी काऊन जाऊ? मी इथंच राहीन अन् जिवंत राहीन."

मग एका संध्याकाळी माझ्याकडे मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "शनिवारी मोकळी आहेस का? बंदूक घ्यायची आहे." मेथीची दुसरी जुडी आणायची आहे, अशा आवाजात. मी हबकले. कुत्रा पाळ, धोक्याची घंटा बसव, आमच्याकडे राहायला ये, मिरचीची पूड ठेव... जे सुचेल ते सांगितलं. तिने सगळ्याला उत्तर दिलं. कुत्रा दिवसभर एकटा राहील, घंटा वाजली तरी पोलीस नंतरच येणार, तुमच्याकडे मी किती दिवस राहू, आणि मिरचीची पूड वाऱ्याने माझ्याच डोळ्यात जाईल. "आणि मी कशाला हवी तुला?" मी विचारलं. "तुला अक्कल आहे ती भाजीच्या दुकानातली. पण तू सोबत असलीस की दुकानदार थकतो," ती म्हणाली, "मग तो खरं बोलायला लागतो." माझ्यासारख्या पुण्याच्या बाईला एवढी सरळ दाद अमरावतीकडून पुन्हा कधी मिळाली नाही.

दुकान काउबॉय बूट विकणाऱ्या दुकानाच्या शेजारी होतं. मालक सत्तरीचा, खांद्यांवरून पँटला पट्टे लावलेला. दोन साडीतल्या बायका आत आलेल्या पाहून त्याने वाचायचा चष्मा काढून लांबचा लावला. (साडी कुंदाचाच हट्ट. खरेदीला आपण नीट कपड्यांत गेलं की समोरचा नीट वागतो, असं तिचं मत.) तिने सांगितलं, स्वतःच्या संरक्षणासाठी हवंय, हात लहान आहे, वकिलाने बराच पैसा खाल्लाय तेव्हा स्वस्तातलं दाखवा, पण स्वस्त म्हणून काहीही दाखवू नका. त्याने आधी काढलं ते शिंपल्याच्या मुठीचं इवलंसं पिस्तूल. बायकांना हेच आवडतं, म्हणाला. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. कुंदाने ते हातात घेतलं, नळी जमिनीकडे धरली, आणि आत गोळी नाही ना हे त्याला उघडून दाखवायला लावलं. या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून सोडला की गोळी आत चढते. तो तिने दहा वेळा ओढून पाहिला. सहा वेळा पूर्ण मागे गेला, चार वेळा तिची बोटं घसरली. "घाम आला असेल तेव्हा आणखी घसरतील," ती म्हणाली. "दहात चार. रिजेक्ट." मालकाने दुसरं काढलं. त्यात गोळी अडकली तर काय करायचं, हे तिने विचारलं. त्याने पाच पायऱ्या सांगितल्या. तिने त्याला त्या पुन्हा सांगायला लावल्या, आणि दुसऱ्या खेपेला त्याची एक पायरी चुकली. कुंदाने पिस्तूल त्याच्याकडे परत सरकवलं.

मग रिव्हॉल्व्हरं निघाली. आखूड नळीची, पाच गोळ्यांची. यात ओढायचं काही नाही, चाप दाबला की चक्र फिरतं, एक गोळी नाही उडाली तर पुन्हा दाबायचं, पुढची येते. हे तिला पटलं. त्याने सगळ्यात हलकं पुढे केलं तेव्हा तिने मला मराठीत सांगितलं, "हलकं म्हणजे धक्का सगळा मनगटात. एकदा झाडलं की दुसऱ्यांदा झाडायची भीती बसेल," आणि त्याला इंग्रजीत तेच विचारलं. तो म्हणाला, खरं आहे. इथपासून तो खरं बोलायला लागला, आणि मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं.

यानंतर तिने पर्समधून जे काढलं ते पाहून मी तोंडावर पदर धरला. बॅगा तोलायचा स्प्रिंगचा काटा! भारतात जाणाऱ्या प्रत्येक घरात तेव्हा हा असायचाच. बॅग आकड्याला लटकवायची, काटा वजन दाखवतो, मग इकडचं चॉकलेट तिकडे. कुंदाने मालकाची परवानगी घेतली, रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या चापाला नाडीचा फास घातला, काटा अडकवला आणि सरळ मागे ओढलं. तीन रिव्हॉल्व्हरं, प्रत्येक तीनदा. आकडे छोट्या डायरीत. एकाचा चाप सुरुवातीला हलका आणि शेवटी अडल्यासारखा व्हायचा, एकाचा दर वेळी वेगळा आकडा यायचा. तिसऱ्याचा जड होता, बारा पौंड, पण तीनही वेळा बाराच आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. ते जुनं होतं, कुणा रखवालदाराच्या कमरेला राहून त्याचा काळा रंग कडांना उडालेला. तिने चक्र अंगठ्याने हलवून पाहिलं, नळीच्या मागे अंगठ्याचं नख धरून आत उजेड पाडला आणि नळी आतून झिजली नाही ना ते पाहिलं. "हे एवढं स्वस्त का?" "रंग गेलाय, मॅम." "रंगाचं मला काय करायचंय?" नव्याच्या निम्म्या किमतीत ते तिचं झालं. निघताना मालकाने तो काटा कुठे मिळतो ते विचारलं. विकत मागत होता, खरं तर. कुंदाने दिला नाही. तिला डिसेंबरात अमरावतीला जायचं होतं.

पैसे देता देता त्याने तिला कायदा समजावला. तेव्हा ॲरिझोनात पर्समध्ये लपवून नेणं बेकायदेशीर होतं, गाडीच्या समोरच्या कप्प्यात ठेवलेलं चालायचं. पुढचे काही रविवार ती गोळीबाराच्या मैदानावर शिकायला गेली. एकदा मी गेले होते. एकच गोळी झाडली आणि कानात दोन दिवस सनई वाजत राहिली. तिथे शिकवणाऱ्या बाई पुन्हा पुन्हा एकच सांगायच्या, समोर कोण आहे हे डोळ्यांना दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये. कुंदाने ते मायक्रोस्कोपच्या नियमांसारखं लिहून घेतलं. त्यानंतर रिव्हॉल्व्हरबद्दल आमचं बोलणं झालं नाही. मला वाटलं, कुठेतरी कपाटात साड्यांखाली गेलं असेल, आपल्याकडच्या चांदीच्या भांड्यांसारखं. दिलीपही दिसेनासा झाला होता. दीड वर्ष गेलं, आणि मी ते विसरले. अगदी साफ विसरले.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. त्या काळात आमच्या मंडळात सरप्राइज पार्टीचं खूळ आलं होतं. अमेरिकेत येऊन आपण काय शिकलो, तर अंधारात सोफ्यामागे लपून ओरडायला. कुणाचा वाढदिवस सुटत नसे, आणि सगळ्यांचे बेत आखणारी अर्थात मी. कुंदाचा चाळिसावा वाढदिवस. तिच्या घराची जास्तीची किल्ली एकट्या माझ्याकडे, अडीअडचणीला म्हणून. "यायच्या आधी फोन कर, नेहमी फोन कर," एवढीच तिची अट. तिची पाळी साडेतीनला संपायची. आम्ही तेरा जण, त्यात पाच मुलं, तीन वाजताच तिच्या घरात शिरलो. गाड्या दोन गल्ल्या सोडून लावल्या. पडदे ओढले. माझी मीनल तेव्हा आठ वर्षांची, तिला मी सगळ्यांच्या पुढे उभं केलं, हातात फुगा देऊन. कुंदामावशी आली की सगळ्यात आधी हिने उडी मारायची, असं ठरलं. आणि एक चूक केली. गाडी लावायच्या छपराकडून आत शिरायचं जे दार होतं, ते मी आतून पुन्हा कुलूपबंद केलं नाही.

त्या दारातून आत आलं की आधी धुण्याच्या मशीनची चिंचोळी खोली होती, मग स्वयंपाकघर. गाडी आल्याचा आवाज आला. आम्ही श्वास रोखले. दार उघडल्याचा आवाज काही येईना. मग आला, पण फार हळू. मग काहीच नाही. बराच वेळ नाही. मुलं खुसखुसायला लागली, मी मीनलच्या तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात त्या खोलीतून कुंदाचा आवाज आला. "वसुधा, आत तू आहेस का?" आणि मी, शहाणी बाई, हसू दाबत गप्प राहिले! सगळ्यांना खुणेने गप्प ठेवलं. सरप्राइज वाया जाईल ना. पुन्हा शांतता. मग काहीतरी धातूचं खटकन उघडल्यासारखं वाजलं. आणि तिचा आवाज, अगदी सपाट: "सगळे बाहेर या. एकेक जण. चालत या, अन् कुणी ओरडू नका."

आम्ही गेलो. सुधीर सगळ्यात पुढे, "अगं, ओळखलंस कसं यार," म्हणत. कुंदा मशीनला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. मांडीवर उघडलेलं रिव्हॉल्व्हर, मुठीत पाच गोळ्या. तिच्यासमोर भिंतीला लागून आमचे चपला-बूट ओळीने लावलेले होते. तेरा जोड. सुधीरचे टाचा चेपलेले तपकिरी बूट, मुलांचे वेल्क्रोचे, माझ्या कोल्हापुरी. लपायला आलेली, गाड्या दोन गल्ल्या सोडून लावणारी माणसं, पण घरात शिरताना एकालाही पायातलं काढल्याशिवाय राहवलं नव्हतं! आणि मी मागाहून ते ओळीने नीट लावलेसुद्धा होते. मीनलने विचारलं, "कुंदामावशी, आर यू मॅड ॲट अस?" कुंदा म्हणाली, "नाही बाळा. कम, शो मी द बलून." मीनल तिच्याजवळ बसली. तेव्हा कुठे मला सगळं एकदम कळलं.

ती रोज असंच करत होती. दीड वर्ष. कामावरून आली की गाडीच्या कप्प्यातून रिव्हॉल्व्हर काढायचं, दाराचं कुलूप पाहायचं, आत जाऊन तिन्ही खोल्या बघायच्या, मग चहा टाकायचा. त्या दिवशी कुलूप उघडं सापडलं. तिने पायाने दार ढकललं. पुढचं तिने मला केक कापून, सगळ्यांना वाटून, माणसं गेल्यावर भांडी पुसताना सांगितलं. "कुलूप उघडं दिसलं तेव्हा मला वाटलं, आला. मग खाली पाहिलं तर चपला. चोर चपला काढून येत नाही, हे नंतर सुचलं, वसुधा. आधी सुचलं ते हे, की आम्ही एकत्र राहत होतो तेव्हाही दिलीप घरात कधीच पायातलं काढून आला नव्हता. एकदाही नाही." पुढची बशी पुसता पुसता म्हणाली, "बोट चापाबाहेर होतं माझं. पूर्ण वेळ बाहेर होतं. तुला सांगून ठेवते." मी तिच्या गळ्यात पडून रडले. चपला नसत्या तर? अंधारातून तेरा माणसं किंचाळत तिच्या अंगावर येणार होती, आणि सगळ्यांच्या पुढे माझी पोर होती. तिने मला रडू दिलं आणि मग विचारलं, "तुला एकदाही आठवलं नाही?" ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. ते बरोबरच होतं. मग एक दिवस स्वतःच आली, मेथीची जुडी घेऊन, आणि आम्ही निवडायला बसलो.

पुढे दिलीप दुसऱ्या राज्यात गेला. दुसरं लग्न केलं असं कानावर आलं, आणि बऱ्याच वर्षांनी गेल्याचंही. त्याआधीच, नव्वदच्या सुमारास, कुंदा मला पुन्हा एका शनिवारी त्या दुकानात घेऊन गेली होती. म्हातारा मालक अजून होता. त्याने ते रिव्हॉल्व्हर ओळखलं, परत विकत घेतलं आणि विचारलं, याहून लहान काही दाखवू का? "नको, आता काहीच नको," कुंदा म्हणाली. का नको, हे मी विचारलं नाही. तिची भीती खरंच गेली होती, की नुसती ती आमच्यापासून लपवायला शिकली होती, हे मला कळत नव्हतं. हसायची, गाडी घेऊन एकटी ग्रँड कॅन्यनला जायची, मुलांना शुद्धलेखनावरून रागवायची. पण पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजांचं मी एकदा विचारलं नव्हतं, त्यामुळे माझा माझ्या नजरेवर विश्वास उरला नव्हता. तीसेक वर्षं मला हा घोर होता, की ही घरी एकटी असताना कशी राहत असेल.

गेल्या आठवड्यात मी आणि मीनल तिचं घर आवरायला गेलो. रूथ मदतीला आली होती. तिच्या झोपायच्या खोलीत मी एवढ्या वर्षांत कधी गेले नव्हते. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, आणि दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीवर, काहीतरी उंचसखल दिसलं. मी हात फिरवला. स्क्रूची भोकं, पुट्टी भरून, घासून, वर रंग दिलेली. चार कड्यांची. वरपासून खालपर्यंत चार कड्या लावून ती या खोलीत झोपत होती तर... आणि कधीतरी तिने त्या काढून टाकल्या होत्या. एकटीने, कुणाला न सांगता, इतक्या सफाईने की ऊन तिरपं नसतं तर दिसलंही नसतं. मी रूथला विचारलं, त्या सकाळी तू या खोलीत कशी आलीस, हे दार लावलेलं होतं का? रूथला प्रश्नच कळला नाही. "धिस डोअर?" ती म्हणाली. "मी आत यायच्या आधीच, हनी, हॉलमधूनच दिसली मला. हे दार ती कधीच लावत नसे. ऑल दीज इयर्स, नेव्हर."

मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसले. मीनलने विचारलं, "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, हो गं, खूप बरं वाटतंय.